आकाराम पैलवान आणि समुद्राचं शेवाळ

कागलपासून सहा-सात किलोमीटरवर दूधगंगेच्या काठाला एक गाव आहे. तिथं आकाराम चौगुल्याचं घर कुठं म्हणून विचारलं, तर लोक जरा विचारात पडतात. 'पंपवाला पैलवान' म्हटलं की मात्र चारही बाजूंनी बोटं वर होतात. पैलवानकी सुटून पस्तीस वर्षं झाली, पण नावाला चिकटली ती चिकटलीच. तसा तो काही फार मोठा पैलवान नव्हता. जत्रेतल्या नारळाच्या कुस्त्या त्याने ढिगाने मारल्या. शेवटची मोठी कुस्ती लागली की हा बघ्यांत बसून ओरडायला असायचा. पण नारळ एवढे जिंकायचा की विमलाने, म्हणजे त्याच्या बायकोने, लग्नानंतरची सात-आठ वर्षं खोबरं म्हणून विकत आणलं नाही.

आता वय सदुसष्ट. पाठीवर बॅटरीचा पंप अडकवून तो लोकांच्या उसावर फवारणी करतो. वीस लिटरचं ओझं घेऊन तो सरीतून चालायला लागला की पोरंसोरं मागं पडतात. पंपात काय काय असतं, त्यातलं त्याचं सगळ्यात आवडतं म्हणजे शेवाळाचा अर्क. नृसिंहच्या खताच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनमधून मिळतो. रंगाला काकवीसारखा, वासाला मात्र असा की झाकण उघडलं की शेजारच्या वाफ्यातला माणूस मान वळवतो. तपकिरी रंगाचं समुद्रातलं शेवाळ उकळून तो काढतात, एवढं नृसिंहने सांगितलं होतं. तेवढ्यावर आकाराम खूश होता, कारण समुद्राशी त्याची ओळख जुनी.

झालं होतं असं, की ऐन तारुण्यात एकदा तो गुळाच्या ट्रकवर बसून मलकापूरमार्गे रत्नागिरीला गेला होता. समुद्र पाहिला आणि कपड्यांनिशी आत शिरला. गुडघाभर पाण्यात गेला असेल नसेल, तोच काहीतरी लिबलिबीत पायाला वेटोळं घालून बसलं. पैलवानच तो. कुणीतरी खालून पट काढतंय असं समजून त्याने असं अंग झटकलं, की आडवा झाला तो सरळ लाटेत. बाहेर येऊन पाहतो तर घोट्याला तपकिरी शेवाळाची दोरी. "मला आयुष्यात चितपट करणारं ते एकच. बाकीच्यांनी नुसतं गुणावर हरवलंय," असं तो सांगतो. हा किस्सा गावात प्रत्येकाने कमीत कमी चारदा ऐकलेला आहे.

तर त्या शेवाळाच्या अर्काने ऊस तरारतो, असा त्याचा अनुभव. फवारणीनंतर महिन्याभराने तो रानात जायचा, एखादी कांडी मुठीत धरायचा आणि मालकाला म्हणायचा, "बघा, हाड कसं धरलंय उसानं!" जाडजूड कांडीला तो हाडच म्हणतो. बिचाऱ्याच्या पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथंच आहे.

पौषात विमला पडली. पडली असंही म्हणवत नाही. गोठ्याच्या उंबऱ्यावर पाय घसरला, ती दाव्याच्या खांबाला धरायला गेली आणि हातावर टेकली. एवढंच. पण डावं मनगट काडीसारखं मोडलं. कोल्हापुरात नेलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि मग एका यंत्राखाली तिला झोपवून हाडांचा फोटोबिटो काढला.

"आजींची हाडं विरळ झालीत," डॉक्टर म्हणाले. "बाहेरून दिसतात तशीच, पण आतून पोकळ. पुन्हा पडायच्या नाहीत एवढं बघा. गोळ्या देतो. रोज ऊन, रोज चालणं. आणि दूधदुभतं घेता ना?"

विमला तोंड उघडणार तोच आकाराम म्हणाला, "डॉक्टर, घरात म्हैस हाय की!"

डॉक्टरांनी मान डोलावून तसं लिहून घेतलं.

दीड महिन्याने प्लास्टर निघालं. हाड जुळलं होतं. पण विमला उंबऱ्याबाहेर पाय टाकीना. चुलीपासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून न्हाणीपर्यंत, तेही भिंत धरून. शेजारणी बोलवायला आल्या की म्हणायची, "उद्या बघू." ज्या बाईने बेचाळीस वर्षं अंधाराचं उठून गोठा झाडला, ती आता दारातल्या उन्हाकडे खाटेवरून बघत बसायची. आकाराम समोर असला की बळंच हसायची. ते हसू त्याला तिच्या मोडलेल्या मनगटापेक्षा जास्त लागायचं.

गोठ्यात वेगळीच तऱ्हा. म्हशीचं नाव मोना. हे नाव नातीने, अवंतिकाने ठेवलेलं. शाळेत तिच्या बाकावर मोना नावाची एक भांडकुदळ पोरगी होती. तिच्याशी कट्टी झाली त्याच दिवशी ही रेडी जन्मली. नाव ठेवलं आणि म्हशीने ते सार्थ केलं. विमलाशिवाय दुसऱ्या कुणी आचळाला हात लावला की मोना दूध वर चढवायची. आकारामने गोंजारलं, पेंड पुढं केली, शेवटी विमलाचं जुनं लुगडं अंगाला गुंडाळून बसला. म्हशीने मान वळवून एकदा बघितलं आणि शेपटीचा फटका असा दिला की मिशीला शेण लागलं. दुधाच्या संस्थेत सगळे विचारायला लागले, "पैलवान, म्हैस आटली व्हय?" तो म्हणायचा, "म्हैस न्हाय. घर आटलंय."

अशात एका रविवारी अवंतिका आली. ही त्याच्या लेकीची लेक. कोल्हापूरला विद्यापीठात पुढचं शिकते, प्रयोगशाळेत काहीतरी संशोधन करते. काय करते ते तिने आजवर तीनदा सांगितलं होतं आणि आकारामला तिन्ही वेळा डुलकी लागली होती. या वेळी आजीच्या पायाला तेल चोळता चोळता ती सहज म्हणाली,

"आबा, तुम्ही उसावर जे शेवाळ मारता ना, तसल्याच तपकिरी शेवाळावर माझं काम चाललंय. हाडांसाठी."

आकाराम ताठ बसला. "हाडांसाठी?"

"हां. त्यात चुना असतो, बाकीची खनिजं असतात. आणि त्याच्या अंगचा जो चिकटपणा असतो ना, तो वेगळा काढून आम्ही हाडांच्या पेशींवर घालतो. हाड बांधणाऱ्या पेशी जरा जोमानं कामाला लागतात असं दिसतंय. उंदरांवर पण काही ठिकाणी..."

"म्हंजे हाड धरतंय!"

"आबा, पुढं ऐका. काचेच्या बशीत दिसलं म्हणजे माणसात तसंच होतं असं नाही. माणसांवर फार थोडं काम झालंय. किती द्यायचं, कुणाला द्यायचं नाही, अजून..."

पण आकाराम उठला होता. तालमीतसुद्धा त्याची हीच खोड. वस्ताद डाव समजावून सांगायला लागले की अर्ध्यावर हा लंगोट कसून आखाड्यात. उरलेला अर्धा डाव तो समोरच्या पैलवानाकडून शिकायचा, पाठीवर पडून.

आता त्याने सरळ जाऊन कॅन उघडून बायकोला पाजलं असतं, तर ही गोष्ट वेगळी झाली असती. पण त्याने तसं केलं नाही आणि त्याचं कारण तालमीतलंच. त्यांच्या वस्तादांचा एक नियम होता. थंडाई ज्याने घोटली त्याने पहिला पेला प्यायचा, सगळ्यांसमोर, आणि मगच दुसऱ्याला द्यायचा. वाईट काही असलं तर घोटणाऱ्याला आधी बाधू दे. आकारामने तो नियम आयुष्यभर पाळला. सोयाबीनची पेंडसुद्धा मोनाला घालायच्या आधी त्याने जिभेवर ठेवून बघितली होती.

सोमवारी सकाळी, विमला न्हाणीत असताना, त्याने कॅनच्या झाकणात थोडासा अर्क ओतला, शेजारच्या आक्काकडून आणलेल्या तांब्याभर ताकात ढवळला आणि डोळे मिटून घशाखाली घातला. घसा असा धरला की डोळ्यांतून पाणी आलं. चव खारट म्हणावी तर साबणासारखी, साबण म्हणावा तर कुजक्या पाल्यासारखी. मंगळवारी पोटात जळजळ सुरू झाली. बुधवारी तो पाच वेळा परसाकडे जाऊन आला. वाटेत नृसिंह भेटला.

"काय पैलवान, तोंड उतरलंय?"

"औषध भिनायलंय, मर्दा."

"कसलं औषध?"

"हाडाचं."

"मग पोट का धरलंयसा?"

तो घाईने परसाकडे वळला. पण त्याने स्वतःची समजूत घातली. पहिल्यांदा तालमीत गेलो तेव्हाही आठ दिवस अंग मोडून आलं होतं, मग कुठं अंग धरलं. तसंच हे. गुरुवारी त्याला जरा बरं वाटलं आणि त्याच्या हिशेबाने परीक्षा संपली. खरं म्हणजे गुरुवारी तो अर्क प्यायचाच विसरला होता, म्हणून बरं वाटलं. हे त्याच्या ध्यानात नंतर आलं.

शुक्रवारी सकाळी त्याने विमलासाठी ताक केलं. आधी आक्काकडचंच सायीचं दही, त्यात मीठ, वरून जिरं कुटून. मग झाकणभर अर्क. पितळेचा पेला घेऊन तो खाटेशी आला.

विमलाने पेला हातात घेतला. तोंडाजवळ नेला आणि थांबली.

"ह्याला तुमच्या सदऱ्याचा वास येतोय," ती म्हणाली.

त्याने नकळत स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगली.

"अकरा वर्सं धुतोय मी तो सदरा. उसावर मारायचं हाय हे."

"औषध हाय ते, विमला. अवंतिकानं सांगितलंय. हाडं धरत्यात."

"तुम्ही पिलासा?"

"तीन दिस."

"म्हणून परसाकडं पळत हुता व्हय!" ती हसली. खूप दिवसांनी खरं हसली. मग हसू मावळलं. पेला तसाच हातात. "बघा, तुम्ही द्यायलाय म्हटल्यावर मी पितो. मला काय, खाटंवर बसून तरी काय करायचं हाय. पण तुमचं तोंड बघून मला ह्याचं भ्या वाटायलंय. पिऊ का?"

पैलवानाने समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असतं, ते त्याला जमेना. ती खरंच पिणार होती. औषधावरच्या विश्वासाने नव्हे, त्याला वाईट वाटू नये म्हणून. बेचाळीस वर्षांत तिने किती गोष्टी अशाच गिळल्या असतील, असं काहीतरी त्याच्या मनात चमकलं आणि त्याने पेला तिच्या हातातून काढून घेतला.

"फोन लाव पोरीला," तो म्हणाला.

अवंतिकाचा आवाज फोनवरून सगळ्या घरात घुमला. "आबा! ते खत आहे! ते काढायला तीव्र क्षार घालतात, टिकवायला आणखी काय काय घालतात. कॅनवर लिहिलेलं असतं की, पोटात घेऊ नये म्हणून!"

"बारीक अक्षर हाय गं ते."

"आणि किती दिवस प्यालात? तीन? आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जावा. कॅन सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा. आज्जीनं घेतलं का?"

"न्हाय घेतलं," विमला म्हणाली.

पलीकडे पोरीने सोडलेला श्वास इकडे ऐकू आला. मग ती हळू बोलायला लागली. "आज्जी, तू सकाळी उपाशी पोटी ती बारकी गोळी घेतीस ना, थायरॉईडची? ह्या तपकिरी शेवाळात आयोडीन भरमसाट असतं. खायचं शेवाळ असलं तरी तुला डॉक्टरांना विचारल्याबिगर चालणार नाही. हे मी रविवारी सांगणारच होते, तर आबा उठून गेले."

आकारामने मान खाली घातली.

"बरं, मला एक सांग आज्जी. दिवसात दूध किती पितीस?"

"मी?" विमलाने नवऱ्याकडे बघितलं. "चहात असतंय की."

"चहात म्हणजे किती?"

"रंग यील एवढं."

फोनमध्ये कुठंतरी रिक्षाचा भोंगा वाजला. आकाराम भिंतीला टेकून खाली बसला.

तो मनातल्या मनात मागं मागं जाऊ लागला. विमला लग्न होऊन आली तेव्हा घरात दोन म्हशी होत्या. दूध त्याचं. सकाळी दोन शेर, सांजेला दोन शेर, पैलवानाचा खुराक. कुस्ती सुटली तेव्हा पोरं झाली होती. मग दूध पोरांचं. पोरं मोठी झाली तोवर गावात दुधाची संस्था निघाली, मग दूध संस्थेचं. नात सुट्टीला आली की नातीचं. मांजराचा वाटासुद्धा ठरलेला होता, कोपऱ्यातल्या मातीच्या परळात. काढणारे हात मात्र एकाच माणसाचे. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उत्तर कुणी दिलं होतं? घरात म्हैस हाय की! म्हैस होती. नुसती होती.

दवाखान्यातून तो दुपारी परत आला. डॉक्टरांनी आधी फैलावर घेतलं होतं, मग गोळ्या दिल्या होत्या आणि साधं पाणी भरपूर प्यायला सांगितलं होतं. शेजारच्या आक्काने कशीबशी मोनाकडून शेरभर काढून ठेवलं होतं. त्याने ते तापवलं आणि पेला भरून विमलापुढं धरला.

तिने तोंड फिरवलं. "न्हाय जमायचं. मला वास येतोय दुधाचा."

"वास? तुला दूध आवडत न्हाय?" तो थक्कच झाला. बेचाळीस वर्षं जिच्या हातचं दूध प्यालो, तिला ते आवडतं की नाही हे आपल्याला माहीतच नाही, याचं त्याला हसावं की रडावं कळेना.

विमला जरा वेळ पदराशी चाळा करत बसली. "आवडायचं की. म्हायेरी मी लोट्यानं प्यायची. हितं आलो तवा सासूबाईनी पयल्याच दिवशी सांगितलं, हे पैलवानाचं दूध हाय, शिंकाळ्यावर ठेव. मग ठेवत गेलो. आधी मन मारलं, मग सवय मोडली, मग वासच सोसंना झाला. तुमचा राग म्हणून न्हाय सांगत. इचारलंसा म्हणून सांगितलं."

"आदी का न्हाय सांगितलंस?"

"इचारलंसा कवा?"

आखाड्यात माणूस पडला तर उठून माती झटकतो. इथं झटकायला काहीच नव्हतं. आकारामने पेला खाली ठेवून त्यावर ताटली झाकली. मग म्हणाला, "दही चालंल?"

"दही चालंल. ताक चालंल. नाचणीची आंबील केली तर आवडीनं खाईन." आणि जरा थांबून, "पण तुमचं ते खत नगं."

संध्याकाळी अवंतिकाचा परत फोन आला, आजोबांच्या पोटाची चौकशी करायला. पोट आता बरं आहे एवढं सांगून झाल्यावर आकारामने विचारलंच. एवढं सगळं होऊनही त्याची खुमखुमी गेली नव्हती.

"पर पोरी, ते शेवाळ हाडाला खरंच लागू पडतंय का न्हाय, येवढं सांग की."

"खरं सांगू आबा? मलाच अजून माहीत नाही. आशा वाटते. पण आशा म्हणजे औषध नव्हं. उंदरांवरून माणसांवर यायचं, मग शेकड्यांनी माणसं तपासायची. पाच वर्षं, दहा वर्षं, किती लागतील ते आत्ता कोण सांगणार?"

खाटेवरून विमला म्हणाली, "धा वर्सं?"

"लागतील आज्जी."

"मग तवर मला ऱ्हायला पायजे की. तुझं खरं निघालं का खोटं, ते बघायला."

हे ती अगदी सहज म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. पण आकारामला कळलं की या दीड-दोन महिन्यांत ती पुढच्या दिवसांबद्दल पहिल्यांदाच बोलली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात पसरलं. तसा तो खाटेसमोर येऊन उभा राहिला.

"ऊठ. तुला उभं ऱ्हायला शिकवतो."

"मला? साठीच्या वर गेलो मी."

"तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद डाव शिकवत न्हवते. दोन दोन म्हयने नुसतं उभं ऱ्हायला शिकवायचे. पाय येवढं फाकायचं. गुडघा जरा मोडायचा. भार खाली, कमरंत. मग कुणी ढकललं तरी माणूस पडत न्हाय. बघ."

त्याने पवित्रा घेतला. सदुसष्ट वर्षांचा माणूस, धोतर, पोट अजून जरा धरलेलं. शेजारची आक्का कुडावरून डोकावली.

"आगं बया, पैलवान बायकोसंग कुस्ती धरायलाय!"

"धरतोय! तू पंच हो!" आकाराम ओरडला.

विमला हसत उठली. भिंत धरून दारात आली. उंबऱ्यापाशी थांबली आणि तिचं हसू गेलं. हाताची बोटं चौकटीवर पांढरी पडली. आकारामला वाटलं, आता म्हणेल, उद्या बघू. पण तिने साडीचा घोळ जरा वर खोचला, त्याने दाखवले तसे पाय ठेवले, गुडघे थोडे मोडले आणि उजवा पाय बाहेर उन्हात टाकला. मग डावा.

अंगणातून गोठ्यापर्यंत वीसेक पावलं. आकाराम दोन्ही हात पुढं करून तिच्या मागं मागं, अंड्यांची टोपली घेऊन चालणाऱ्यासारखा. मधेच एक दगड होता. तिथं ती डगमगली. त्याने झटकन दंड धरला.

"धरू नगा," ती म्हणाली.

"पडशील गं."

"पडंन तवा धरा. आत्ता न्हाय पडायलो मी."

त्याने हात सोडला. सोडलेल्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने ते पाठीमागं बांधले. ती गुडघे मोडून, भार खाली ठेवून, एक एक पाऊल मोजत पुढं निघाली. गोठ्यातून मोना एकदम हंबरली. विमलाने चालता चालताच तिला दटावलं, "आलो गं, आलो. गप की जरा." आणि पुढच्या पावलाला तिने खाली बघितलं नाही.